सुरीचे पाणी

जालना जिल्ह्याचे नाव लोखंडी सळयांसाठी सर्वपरिचित आहे. जालना शहरातील कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. तथापि त्याच जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या परिसरात वसलेल्या धावड्यासारख्या गावी लोहारास टिकाऊ सुरी घडवावयाची असेल, तर ही सळई त्याच्या कामाची नव्हे. त्याला मालमोटारीच्या कमानपाट्याचा जुना तुकडा लागतो.

याचे कारण कर्बाच्या प्रमाणात आहे. सळईत कर्ब साधारणतः पाव टक्क्याच्या आसपास असतो. कमानपाट्याच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्याहून अधिक असतो. सळईचे पातेही घासून धारदार करता येते, परंतु ती धार चार दिवसांत बसते. बाजारात दोन्ही सुऱ्या सारख्याच चकाकतात, आणि ग्राहक स्वस्त ती उचलतो. जाणत्या लोहाराचे नुकसान येथेच होते.

भात्याच्या वाऱ्याने फुललेल्या कोळशात तुकडा तापवून ऐरणीवर त्यास आकार दिला जातो. खरे कौशल्य त्यानंतरचे, पाणी देण्याचे. पाते लाल झाले म्हणजे पुरेसे तापले असे नव्हे. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबकाकडे ओढले जाईनासे होते. पोलाद त्याहून किंचित अधिक तापवून मग बुडवावे लागते. लोहार हे अंश मोजत नाही, तो रंग ओळखतो. म्हणूनच त्याची भट्टी सावलीत असते. भर उन्हात तो रंग डोळ्यांना फसवितो.

एकदम थंड झालेले पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. कमानपाट्याचे पोलाद साध्या पाण्यात तडकण्याचा संभव असल्याने अनेकदा तेल वापरतात. केवळ धारेची कड बुडवून पाते बाहेर काढले की पाठीतील उष्णता हळूहळू धारेकडे सरकते. घासून उजळलेल्या कडेवर प्रथम वाळल्या गवतासारखा पिवळा, नंतर तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग उमटतो. सुरीसाठी पिवळ्यावरच थांबून पाते पूर्ण थंड करावयाचे. निळा येईपर्यंत वाट पाहिली तर धार मऊ पडते. शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकास उष्णतावहनाचा याहून चांगला प्रयोग गावात क्वचितच सापडेल.

मुठीचे काम मात्र उगाच दुय्यम मानले जाते. गावाचेच नाव असलेल्या धावडा वृक्षाचे लाकूड चिवट असल्याने हत्यारांच्या दांड्यांस वापरले जाते, बाभूळही चालते. लाकूड मुरलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ वाळल्यावर आकसते, तडकते किंवा पात्याचा शेपटा तिच्यात हलू लागतो, आणि ढिल्या मुठीची सुरी हात कापते. मुठीत भोक पाडून तापविलेला शेपटा आत बसवितात, लाखेने पक्का करतात व तोंडाशी धातूची शेंबी चढवितात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश झाला. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व प्रशिक्षणकाळात प्रतिदिनी ५०० रुपये विद्यावेतन अशी तरतूद करण्यात आली. अर्जाच्या पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली. अर्जावर व्यवसायाचे केवळ नाव असते. अर्जदार खरोखर भट्टीवर काम करतो की तयार पात्यांना मुठी लावून विकतो, हे पंचायत सदस्यास ऐरणीजवळ जाऊन, एखादे पाते पाणी देईपर्यंत तेथे थांबूनच कळेल.