आधी या डब्यात काय होतं?

कोंबड्यांसाठी घरच्या घरी खाद्याची भांडी करायची म्हटलं की बायका विचारतात, भोक केवढं पाडायचं, टांगायचं कसं. मी आधी विचारते, या डब्यात काय होतं?

आमची वस्ती राहुरी तालुक्यात. भोवती ऊस आणि कांदा, त्यामुळे फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन बांधाबांधावर पडलेले. भावकीतल्या एका जावेने असाच कॅन साबणाने घासला, उन्हात वाळवला, कापून खुराड्यात टांगला आणि त्यात मक्याचा भरडा भरला. संध्याकाळी कोंबड्यांच्या चोचीतून लाळ गळू लागली, पाय लटपटले. अंड्यावर आलेल्या गिरिराजच्या तलंगा होत्या. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत बहुतेक गेल्या होत्या. मेलेल्या कोंबड्या आणि त्या दिवसाची अंडी आम्ही खड्डा घेऊन पुरली. घरात पोरंबाळं होती.

तिने स्वच्छतेत काहीच कसूर केली नव्हती. औषध प्लास्टिकच्या अंगात मुरतं, वरून कितीही घासलं तरी ते सगळं निघत नाही. कॅनच्या लेबलावर कोपऱ्यावर उभा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग दिसतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य, पण हिरवंही विषच. भंगारातल्या ज्या कॅनचं लेबल निघालंय आणि आत काय होतं हे कुणी सांगू शकत नाही, तो घेऊच नका. रंगाचे जुने डबेही नकोत, त्यात शिसं असू शकतं.

गोडेतेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा उत्तम. कापल्यावर कडा पकडीने आत दुमडा आणि कानशीने घासा. खाली पडलेले तारेचे, पत्र्याचे तुकडे एकूणएक वेचा. चकाकणारं काही दिसलं की कोंबडी टिपतेच, आणि तार पाथरीत रुतली तर ती झुरून मरते.

भांड्याची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच ठेवा आणि भांडं तिसरा हिस्साच भरा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाते. पोल्ट्रीत सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच, आणि काठोकाठ भरलं तर ती चोचीने उडवून नासाडी करते. प्रत्येक मोठ्या पक्ष्याला निदान 10 सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर दुबळ्या कोंबड्या मागेच राहतात.

पाईपचं भांडं दिसायला सोपं, पण पावसाळ्यात भरडा एल्बोत चिकटून बसतो आणि बुरशी धरतो. बुरशीच्या मक्यातलं विष कोंबडीचं यकृत नासवतं. म्हणून एल्बो सुटा ठेवा, चिकटवू नका. आठवड्याला काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

आणि फवारणी करणाऱ्या घरच्या माणसांना सांगा: कॅन रिकामा झाला की तीनदा खळाळून ते पाणी पंपातच ओता, मग कॅनला भोकं पाडा. भोकं पाडलेला कॅन कुणी उचलून वापरायला नेत नाही.