बेघर कुटुंबांची बालके आणि पाळणाघर

प्रश्न : पुण्यात बांधकामस्थळी किंवा पदपथावर राहणाऱ्या कुटुंबांच्या लहान मुलांना बालशिक्षण केंद्रे कसा आधार देऊ शकतात?

उत्तर : निवारा अस्थिर असलेल्या बालकाला ठरावीक आहार, ओळखीची माणसे आणि सुरक्षित जागा यांची सर्वाधिक गरज असते, म्हणून पाळणाघरच पालकांच्या कामाच्या ठिकाणी नेण्याची पद्धत, जी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’द्वारे सुरू केली आणि पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ने बांधकामस्थळांवर रुजवली, विशेष उपयुक्त ठरते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या स्थळी सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. अंगणवाडीने, म्हणजे पूरक आहार व पूर्वप्राथमिक शिक्षण देणाऱ्या शासकीय केंद्राने, पत्त्याच्या पुराव्याअभावी कोणत्याही बालकास परत पाठवू नये.