आगबोटीवरील नवखा प्रवासी

आगगाडी आणि आगबोट यांत एक मोठा भेद आहे. गाडी वाटेत बंद पडली, तर उतारू रुळांच्या कडेने चालत जवळचे स्टेशन गाठू शकतो. बोटीवरच्या उतारूला ही सोय नसते. एकदा धक्का सुटला, की बोट हेच त्याचे गाव, तेच त्याचे घर, आणि संकटात तोच त्याचा आसरा. म्हणून बोटीवर पाऊल ठेवणाऱ्याने या नव्या गावाची रीतभात आधीच समजून घेणे हिताचे असते. (आजच्या बोटी वाफेवर चालत नाहीत. वाफेचे युग सरले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी आगबोट हा शब्द मात्र टिकून राहिला.)

गाव हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासास निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही सफरीची बोट ३६५ मीटर लांब आहे. तिच्यावर वीस मजले असून सात हजारांहून अधिक उतारू मावतात. इतकी अवाढव्य बोट नसली, तरी मुंबईच्या बंदरातूनही गोवा, कोची, लक्षद्वीप या दिशांना सफरीच्या बोटी जाऊ लागल्या. त्यामुळे ज्यांच्या घराण्यात आजवर कोणी समुद्र ओलांडला नव्हता, अशी कुटुंबेही आता बोटीची शिडी चढताना दिसतात.

नवख्या उतारूची फजिती कशी होते, याचे एक प्रांजळ वर्णन महात्मा गांधींच्या आत्मकथेत आढळते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी, अठरा वर्षांच्या वयात, ते मुंबईहून विलायतेस निघाले. त्यांना बोट लागली नाही. जडला तो संकोच. काट्याचमच्याने कसे जेवावे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाही हे विचारण्याचा धीर होत नव्हता. तेव्हा ते भोजनगृहात न जाता आपल्या खोलीतच घरून आणलेली मिठाई व फळे खाऊन राहिले. त्यांच्याच खोलीत असलेले जुनागडचे एक वकील मात्र सर्वांशी मोकळेपणाने बोलत, हिंडत फिरत. ‘लोकांत मिसळा,’ असे ते गांधींना सांगत. पण ते काही गांधींना जमले नाही. पुढे विलायतेच्या किनाऱ्यावर उतरताना त्यांनी मुद्दाम राखून ठेवलेला पांढरा पोशाख चढविला. पाहतात तो सगळ्या बंदरात पांढरे कपडे घातलेले ते एकटेच! बरे, कपडे बदलावे तर सारे सामान किल्ल्यांसकट एका कंपनीच्या माणसाच्या हवाली केलेले, आणि दुसरा दिवस रविवारचा म्हणून ते मिळण्याची आशा नाही.

या एका प्रसंगातून दोन गोष्टी उमगतात. पहिली सामानाची. आजही मोठ्या बोटींवर जड पेट्या धक्क्यावरच हमालांच्या स्वाधीन कराव्या लागतात, आणि त्या उतारूच्या खोलीपाशी पोहोचेतोवर कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून रोजची औषधे, पारपत्र, तिकीट, चष्मा आणि एक जोड कपडे हे सारे हातातल्या लहान पिशवीतच असावे. पेटीत काय ठेवू नये, हेही जाणून घ्यावे. कपड्यांची इस्तरी, पाणी तापविण्याची विजेची किटली, मेणबत्त्या या वस्तू बहुतेक बोटींवर काढून घेतात व उतरताना परत देतात. यात उतारूचा अपमान नाही. चहूकडे पाणी असूनही दर्यावर्दी माणसाला आगीचे भय सर्वांत अधिक वाटते, कारण तेथे बाहेरून बंब येत नाही, खलाशीच विझविणारे.

दुसरी गोष्ट विचारण्याची. बोटीवर विचारण्यात कमीपणा नसतो. शाकाहारी जेवण हवे असल्यास ते तिकीट काढतानाच सांगून ठेवावे आणि पहिल्या जेवणाच्या वेळी पुन्हा सांगावे. आपली खोली कोणत्या मजल्यावर, नाळेकडे की मागल्या बाजूस, हे पहिल्या तासातच पायांनी चालून पाहून घ्यावे. बोटीच्या नाळेकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताची ती डावी बाजू, आणि रात्री तिच्यावर तांबडा दिवा असतो, उजवीकडे हिरवा. उतारूने तोंड कोणत्याही दिशेस फिरविले, तरी बोटीची डावी ती डावीच राहते. नवखी माणसे येथे हमखास चुकतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळावयाचे. बोट सुटण्यापूर्वी, किंवा सुटताच, सर्व उतारूंना एका ठरावीक जागी गोळा व्हावयास सांगतात. या जागेस जमण्याचे ठिकाण म्हणतात, आणि तिचा क्रमांक उतारूच्या पत्रिकेवर व खोलीच्या दाराआड लिहिलेला असतो. तेथे खलाशी जीवरक्षक जाकीट कसे घालावे, पट्टे कसे आवळावे, होड्या कोठे टांगलेल्या आहेत, हे दाखवितात. धोक्याची खूण म्हणून बोटीचा भोंगा सात वेळा आखूड व एकदा लांब वाजतो. हा सगळा कार्यक्रम पाऊण तासाहून क्वचितच अधिक चालतो. परंतु पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटतो. कोणी तेवढ्यात खाण्याकडे वळतात, कोणी छायाचित्रे काढीत बसतात.

हा कंटाळा किती महाग पडू शकतो, हे १९१२ सालच्या एप्रिल महिन्यात जगाने पाहिले. ‘टायटॅनिक’ बोटीवर सुमारे बावीसशे माणसे होती, आणि होड्यांत जागा अकराशे अठ्ठ्याहत्तर जणांची. म्हणजे सगळ्या होड्या काठोकाठ भरल्या असत्या, तरी जवळजवळ निम्मी माणसे उरलीच असती. परंतु तशा त्या भरल्याही नाहीत. पासष्ट माणसांची पहिली होडी अवघी अठ्ठावीस माणसे घेऊन खाली गेली. कारण एवढी मोठी बोट सोडून अंधाऱ्या समुद्रात लहानशा होडीत बसणे पुष्कळांना अधिक धोक्याचे वाटले. पंधराशेहून अधिक माणसे त्या रात्री प्राणांस मुकली. त्यानंतर १९१४ मध्ये अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन सागरी सुरक्षिततेचा करार केला. बोटीवर जितकी माणसे, तितक्यांसाठी होड्यांत जागा असलीच पाहिजे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले.

होड्या पुरेशा झाल्या. तरी सराव राहिलाच. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ ही सफरीची बोट इटलीच्या किनाऱ्यालगत जील्यो बेटाजवळ खडकावर आदळली. तिच्यावर चार हजारांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी सुमारे सातशे उतारू त्याच संध्याकाळी चढलेले होते, आणि त्यांचा सराव दुसऱ्या दिवशी व्हावयाचा होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांच्या आत सराव झाला म्हणजे पुरे असे. तेव्हा नियम मोडला असे म्हणता येत नाही. पण समुद्राने चोवीस तास वाट पाहिली नाही. बोट सोडण्याचा हुकूम निघण्यास तासाहून अधिक वेळ गेला. तोवर ती इतकी कलली होती, की एका बाजूच्या काही होड्या खाली सोडणेच अशक्य झाले. कोठे जमावयाचे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांची त्या अंधारात काय अवस्था झाली असेल! बत्तीस माणसे दगावली. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव बोट सुटण्यापूर्वी वा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. आज जो उतारू जमण्याच्या ठिकाणी कंटाळत उभा असतो, त्याच्या त्या कंटाळ्यामागे हा सारा इतिहास उभा असतो.

महाराष्ट्राला या विषयाची जखम परकी नाही. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. प्रवास अवघा थोड्या वेळाचा. किनारा जणू डोळ्यांसमोर. परंतु पावसाळी तुफानात काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रायगड जिल्ह्यातील कित्येक गावांत त्या दिवशी घरोघर आकांत झाला. लाटेच्या तडाख्याने बोट कलताच उतारूंची एकच धावपळ उडाली, असे बचावलेल्यांच्या हकिकतींत येते. बोटीवर गर्दीने एका अंगास धावणे किती घातक, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. लहानशा होडीत दोघे एकदम एका बाजूस झुकले, तर काय होते हे कोळ्याचे पोरही सांगेल. मोठ्या सफरीच्या बोटीस एवढ्याने धोका नसतो. लहान लाँचमध्ये मात्र, काठावर ओळखीचे कोणी दिसले म्हणून सगळ्यांनी एकाच कठड्याशी गर्दी करू नये. भोंगा वाजल्यावर सामानासाठी खोलीकडे परतू नये, आणि लिफ्टमध्ये शिरू नये, जिन्यानेच जावे.

बोट लागणे ही यापेक्षा पुष्कळच सौम्य आपत्ती. तरी जिला ती भोगावी लागते, त्या व्यक्तीस तसे वाटत नाही. तिचे कारण पोटात नसून कानात असते. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर हलले, की तो द्रव हलतो व मेंदूस वर्दी जाते. खोलीत बसलेल्या उतारूचे डोळे सांगतात, ‘भिंती स्थिर आहेत’. कान सांगतो, ‘सर्व काही डोलत आहे.’ या दोन साक्षीदारांच्या भांडणात मळमळ सुटते. म्हणून उपाय हाच, की दोघांची साक्ष जुळवून द्यावी. मोकळ्या हवेत येऊन दूर क्षितिजाच्या रेषेकडे पाहत राहावे. पुस्तक वा फोन यांत डोके घालू नये. पोट तुडुंब भरू नये, पण रिकामेही ठेवू नये. आल्याचा तुकडा पुष्कळांना उपयोगी पडतो. औषध घ्यावयाचे तर वैद्याला विचारून, आणि त्रास सुरू होण्यापूर्वी. खोली निवडताना बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्यावी. तराजूच्या दांडीची टोके वरखाली होतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. बोटीचेही तसेच आहे. ज्याला बोट लागते त्याने लाजण्याचे कारण नाही. ‘बीगल’ जहाजावरून १८३१ ते १८३६ पर्यंत जगप्रदक्षिणा करणारा चार्ल्स डार्विन या व्याधीने जेरीस आला होता. बिस्किटे आणि मनुका एवढेच काय ते कधीकधी त्याच्या पोटात ठरे. इंग्रजांचा विख्यात नौसेनापती नेल्सन यालाही समुद्र खवळला की बोट लागत असे.

सगळ्याच बंदरांत मोठ्या बोटीस धक्क्याला लागता येत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर बोटी चालत, त्या काळी चाकरमान्यांना हा अनुभव नित्याचा होता. बोट खोल पाण्यात उभी राही, आणि किनाऱ्यावरून आलेल्या पडावात उतारू, त्यांच्या ट्रंका, पोरेबाळे, सारे उतरविले जाई. कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्यांना आजही प्रवाळाच्या कडेबाहेर बोटीतून लहान होडीत उतरावे लागते. अशा वेळी होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. उतारूने आपल्या मनाने उडी मारू नये. दोन्ही हात मोकळे ठेवावे, खलाशास मनगटाच्या वर धरू द्यावे, आणि तो ‘चला’ म्हणेल त्याच क्षणी पाऊल टाकावे. लाटेचा ताल त्याला कळतो.

बंदरात उतरून फिरावयास जाताना वेळेचे भान राखावे. बोटीवरचे घड्याळ आणि गावातले घड्याळ कधीकधी निराळी वेळ दाखवितात. परतीची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे मोजतात आणि शिडी सुटण्याच्या सुमारे अर्धा तास आधी ओढून घेतात. मागे राहिलेल्या उतारूसाठी बोट सहसा थांबत नाही. पुढले बंदर त्याला स्वखर्चाने गाठावे लागते.

एक गोष्ट मुलांनीही शिकून ठेवण्याजोगी आहे. बोटीवरून कोणी पाण्यात पडले, तर पाहणाऱ्याने प्रथम मोठ्याने हाकाटी करावी, जवळचे तरंगते कडे त्याच्याकडे फेकावे, आणि बोटाने त्याच्याकडे खूण करीत राहावे. क्षणभरही नजर काढू नये. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढे दिसते, आणि एवढी मोठी बोट थांबून वळेतोवर ती बरीच दूर गेलेली असते. अशा वेळी कप्तानाला वाट दाखविणारे ते बोटच असते.

सफर संपून धक्क्यावर पाय ठेवला, की आणखी एक गंमत घडते. जमीन डोलू लागते! मेंदूला डोलण्याची सवय झालेली असते, आणि ती मोडावयास थोडा अवधी लागतो. घरी आल्यावर रात्री अंथरुणावर पडले, तरी पलंग हलकेच वरखाली होत असल्यासारखा भासतो. बहुतेकांच्या बाबतीत एकदोन दिवसांत पलंग पुन्हा जागच्या जागी येतो.