मुलांचा पांडुरोग

वर्गांत डुलक्या घेणाऱ्या, खेळतांना चटकन दमणाऱ्या मुलास ‘आळशी’ म्हणून मोकळें होणें फार सोपें असतें. परंतु त्याच्या डोळ्याची खालची पापणी किंचित् ओढून पाहावी. आंतला भाग तांबूस न दिसतां फिका दिसला, तर दोष स्वभावाचा नसून रक्ताचा असण्याचा संभव आहे.

रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. फुप्फुसांतील प्राणवायु सर्व शरीरास पोंचविणें हें त्याचें काम, आणि तें तयार होण्यास लोह लागतें. तें कमी पडलें म्हणजे स्नायु व मेंदु या दोहोंचीहि उपासमार होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षें वयाचीं शेंकडा ६९ मुलें पांडुरोगी आढळलीं; २०१५-१६ मध्यें हें प्रमाण शेंकडा ५४ होतें.

मूल जन्मतः आईकडून लोहाचा साठा घेऊन येतें. तो सुमारें सहा महिने पुरतो. आईच पांडुरोगी असली तर ही शिदोरी आधींच तोकडी. पुढें नुसतें दूध व भाताची पेज यांवर भागत नाहीं, कारण दोहोंतहि लोह फार थोडें. डाळी, बाजरी, पालेभाज्या यांत तें असतें खरें, पण मांसामासळींतील लोहाइतकें अंगीं लागत नाहीं. सोबत लिंबू, आंवळा किंवा पेरू असल्यास तें अधिक शोषलें जातें. चहानें उलट घडतें. बशीभर चहांत पोळी बुडवून मुलास भरविण्याची आपली रीत म्हणूनच मला अगदीं नापसंत आहे. शिवाय अंकुशकृमि अनवाणी पायाच्या कातडींतून शिरतो व आंतड्यांत ठाण मांडून रक्त शोषतो.

मुंबईचा या विषयाशीं जुना संबंध आहे. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं तेथें येऊन गिरणीकामगार वर्गांतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करूं लागल्या. यीस्टच्या स्वस्त अर्कानें, मार्माइटनें, तो बरा होतो असें त्यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य तें फॉलिक आम्ल. १९४१ मध्यें पालकाच्या पानांतून तें वेगळें करण्यांत आलें. शाळेंत आठवड्यास मिळणाऱ्या गोळींत लोहाबरोबर तेंच असतें, आणि कित्येक मुलें ती गोळी खिडकीबाहेर फेंकतात! मळमळ होत असल्यास ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळें झालें तरी भिऊं नये. नंदुरबार, गडचिरोलीकडे मात्र सिकल सेल हा आनुवंशिक रोगहि आढळतो. तेथें रक्त तपासल्यावांचून निदान करूं नये.