वाचनालयाला विज्ञानाचे सोबती

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या गावात आमचे छोटे वाचनालय आहे. मुलांसाठी विज्ञानाचे उपक्रम करायचे आहेत, पण साहित्य नाही, पैसाही जेमतेम. कोणाला सोबत घ्यावे?

उत्तर : साहित्य विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नका. ज्यांच्याकडे ते आहे, ते तुमच्या शेजारीच आहेत. झाडगावचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, दोन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची. केंद्रात मत्स्यालय आहे. वाचनालयाच्या लेटरहेडवर रीतसर पत्र द्या. पत्रात मागणी नेमकी हवी : एक सूक्ष्मदर्शक, एक तज्ज्ञ, दोन तास. ‘सहकार्य करावे’ एवढ्यावर कोणी हलत नाही.

पहिला कार्यक्रम किनाऱ्यावर घ्या. तारीख मात्र रविवार बघून नव्हे, पंचांग बघून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खूप खोल जाते आणि आपल्याकडे ती साधारण सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. खडकांतल्या डबक्यांत कालवे, शंख, खेकडे दिसतील. बाटलीभर समुद्राचे पाणी वाचनालयात आणा. त्यातल्या थेंबात वळवळणारे प्लवक पाहिलेले मूल पुस्तक आपणहून मागते. तेव्हा पुस्तके टेबलावर मांडलेली हवीत, कपाटात कुलूपबंद नकोत!

पुस्तके आणि व्याख्यात्यांसाठी मराठी विज्ञान परिषदेला लिहा. १९६६पासून ती हेच काम करते. शहरातले जिल्हा नगर वाचनालय तर १८२८चे. त्यांचाही सल्ला घ्या.

उपकरण मोडले तर भरपाई कोणाची, हे आधीच कागदावर ठरवा. पत्रे पावसाळ्यातच पाठवा. किनाऱ्यावरचे कार्यक्रम मात्र दिवाळीनंतरच.