सवय की व्यसन?

मुलांनो, तुम्ही घरी ‘आदत’ आणि ‘लत’ हे शब्द ऐकता. मराठीत त्यांना ‘सवय’ आणि ‘व्यसन’ म्हणतात. रोज सकाळी चहा पिणे ही सवय. एक दिवस चहा मिळाला नाही, तर चुकल्यासारखे वाटते. पण दिवस अडत नाही. व्यसनाचे तसे नसते. ते माणसाला अडवून धरते.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हा दुष्काळी तालुका आहे. दसरा-दिवाळीनंतर इथली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. अंधारात फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडी भरायची! तंबाखूची चिमूट तोंडात धरली की भूक मरते, अंगात हुशारी आल्यासारखी वाटते. कष्टकरी माणसाला तंबाखू का जवळची वाटते, हे आधी समजून घ्या. काही बायका मिश्रीने दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

तंबाखूत निकोटिन असते. चुना लावून मळल्यामुळे ते तोंडातून रक्तात लवकर उतरते. मेंदूला बरे वाटते आणि मग तो त्याची वाटच पाहू लागतो. आज एक चिमूट पुरते, काही दिवसांनी पुरत नाही.

समजा, तुमचा एक मित्र मधल्या सुट्टीत एकटाच बाहेर जातो. विचारले तर खोटे बोलतो. पूर्वी तो चिडत नसे, आता लहान गोष्टीवरून चिडतो. सामानाचे उरलेले पैसे घरी परत देत नाही. एकेका गोष्टीवरून काही ठरत नाही. पण सगळ्या एकत्र दिसल्या, तर त्याच्याशी बोलायला हवे.

आता एक सोपी तपासणी. तोंड मोठे उघडा. हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का, ते पाहा. सुपारी, मावा किंवा गुटखा खाणाऱ्याच्या गालांची आतली कातडी ताठ होत जाते. तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. पुढे कर्करोगाचा धोका असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी तो चोरून विकला जातोच.

व्यसनी माणूस वाईट असतो का? डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी त्याला आजारी मानले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तिथे औषधांबरोबर समजावणे असते, आणि घरच्यांनाही बोलावले जाते. कारण एकाच्या व्यसनाने सारे घर आजारी पडते.

तुमच्याच घरी अब्बा किंवा मामू दारू पीत असतील, तर नशेत असताना त्यांच्याशी वाद घालू नका. ते शुद्धीवर असताना बोला. हे गुपित एकट्याने सांभाळू नका. अम्मीला, उस्तादांना सांगा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, तर हात थरथरतात, कधी झटकेही येतात. म्हणून डॉक्टरांना विचारूनच सोडवावी. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

शब्दार्थ : फड – उसाचे शेत, मोळी – गठ्ठा, मावा – सुपारी-तंबाखूचे मिश्रण, हुशारी – तरतरी