पुढे बसवलेली दुर्बीण : स्काउट पद्धतीची एअर रायफल जुळवताना

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात ओळखीच्या भाजीवाल्याने एकदा टोमॅटो बाजूला सारून माझी दुर्बीण आणि तिचे माउंट काट्यावर ठेवले. ४८५ ग्रॅम. रायफल घरीच होती, ती काही बाजारात मिरवायची वस्तू नव्हे. पण वजनाचा तो आकडा मला हवा होता, कारण स्काउट रायफलचा सगळा हिशेब वजनापासून सुरू होतो.

ही कल्पना जेफ कूपर या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याची. १९८३च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्याख्या ठरवली : लांबी सुमारे १ मीटर, वजन ३ किलोच्या आसपास, आणि कमी शक्तीची, म्हणजे दोन-तीन पट मोठे दाखवणारी दुर्बीण डोळ्याजवळ न बसवता पुढे, नळीच्या बाजूला. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यानुसार रायफल बाजारात आणली. परदेशी हौशी मंडळी आपल्या इशापूर कारखान्यात साठच्या दशकात बनलेल्या ७.६२ मि.मी.च्या २ए१ रायफलींवरही हा प्रयोग करतात. आपल्याकडे ते बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही. घरच्या घरी बंदूक जुळवणे तर शस्त्र कायदा १९५९ नुसार थेट गुन्हा आहे. म्हणून इथे सांगतो ते एअर रायफलपुरते. पुढच्या दुर्बिणीचे सगळे गुणदोष तिच्यावर नीट शिकता येतात.

१. आधी कायद्याची चौकट. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ म्हणजे ४.५ मि.मी. बोअरची आणि नळीच्या तोंडाशी २० जूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. जूल म्हणजे ऊर्जेचे माप. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर १० जूल होतात. खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करावी, ओळखपत्र द्यावे, बिल जपून ठेवावे. जादा ताकदीची स्प्रिंग टाकून २० जूलची मर्यादा ओलांडली, तर आपल्या हातात विनापरवाना शस्त्र येते. आणखी एक मोह आवरावा. कूपरच्या १ मीटरच्या नादात नळी कापून घेऊ नये. ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी बिजागरीवर मोडून चढवायच्या रायफलीत नळी हीच स्प्रिंग दाबण्याची दांडी असते. ती आखूड केली की रायफल चढवताना दंडाला कळ लागते. परवान्याच्या .३१५ बोअरच्या रायफलीवर दुर्बीण लावायची असेल, तर ते काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच सोपवावे.

२. हेतू ठरवावा, आणि तो मुलांनाही स्पष्ट सांगावा. स्पर्धेच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बिणीला मनाई आहे. तिथे डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची साइट वापरतात. लक्ष्याचा व्यास ४५.५ मि.मी. आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. भदभद्याच्या पलीकडे, बिसनखेडीजवळच्या राज्य नेमबाजी अकादमीत मार्च २०२३ मध्ये विश्वचषक झाला, तेव्हा ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कांस्य मिळवले, ते डायॉप्टरवरच. आपल्या मुलीला किंवा मुलाला त्या वाटेने जायचे असेल, तर हा लेख बाजूला ठेवावा आणि राज्य संघटनेमार्फत प्रशिक्षक गाठावा. मावळंकर स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे. ते मावळंकर म्हणजे आपले दादासाहेब, पहिले लोकसभा अध्यक्ष आणि नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष. स्काउट पद्धत आहे ती वेगळ्या आनंदासाठी : उभ्याने, झटकन, दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरण्यासाठी.

३. रायफल निवडताना छर्रा कुठून भरतो ते पाहावे. बहुतेक जण चुकतात ते इथे, आणि मीही चुकलो होतो. मूळ स्काउट रायफलीत दुर्बीण पुढे नेण्याचे एक कारण असे की बोल्टच्या वरची जागा मोकळी राहते आणि काडतुसे वरून भरता येतात. ब्रेक-बॅरल एअर रायफलीत नेमके उलटे होते. तिथे छर्रा भरण्याचे तोंड नळीच्या बिजागरीपाशी, म्हणजे पुढेच असते. माझ्या पहिल्या जोडणीत दुर्बिणीचे पुढचे टोक बरोबर त्या तोंडावर आले. छर्रा बोटाने ढकलायला गेलो की अंगठा काचेला लागायचा. चार छर्रे भरेपर्यंत भिंग ग्रीसने माखले, आणि पाचवा छर्रा सोफ्याखाली गेला.

तेव्हा क्रम असा ठेवावा. पहिली पसंती पीसीपीला. पीसीपी म्हणजे टाकीत आधी भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी रायफल. तिची नळी स्थिर असते, धक्का नगण्य असतो आणि छर्ऱ्याची खाच मधोमध असते. दुर्बीण पुढे गेली की ती खाच खरोखरच मोकळी होते. खर्च मात्र वाढतो, आणि हवा भरायला हातपंप किंवा सिलिंडर लागतो. दुसरी पसंती ब्रेक-बॅरलला, पण माउंट स्प्रिंगच्या नळकांड्यावरच बसवावे. हलणाऱ्या नळीवर दुर्बीण कधीही लावू नये. दर वेळी नळी मोडली की झीरो, म्हणजे नेम आणि छर्रा यांचा जुळवलेला मेळ, थोडा तरी सरकणार. घरात ह्यूम पाइप कंपनीची जुनी आयएचपी असेल, तर ती उघड्या साइटवरच चालवावी. त्या रायफलीचा तोच बाज आहे.

४. दुर्बीण घेण्याआधी डोळ्याचे अंतर मोजावे. डोळा आणि मागचे भिंग यांच्यातल्या ज्या अंतरावर पूर्ण गोल चित्र दिसते त्याला आय रिलीफ म्हणतात. साध्या दुर्बिणीत ते ७ ते १० सेंमी असते, स्काउट प्रकारात साधारण २२ ते २८ सेंमी. साधी दुर्बीण पुढे सरकवून काम होत नाही. चित्र आकसून मधोमध बटणाएवढे होते. मोजायची पद्धत सोपी आहे. वर्तमानपत्राची सुरनळी करून ती रबराने रायफलीवर बांधावी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल नेहमीसारखा टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. घरातल्या कुणाला तरी टेपने भुवईपासून सुरनळीच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यायला सांगावे. असे पाच वेळा करून सरासरी काढावी. माझी २४ सेंमी आली. चार बोटे उंच असलेल्या माझ्या भाच्याची २७ आली, त्याच रायफलीवर.

५. दुर्बिणीचा दर्जा. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन पुढे आपटतो, त्यामुळे रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. खऱ्या बंदुकीसाठी बनवलेली, फक्त मागचा धक्का गृहीत धरलेली दुर्बीण या दुहेरी झटक्याने आतून सैल होऊ शकते. म्हणून एअर रायफलसाठी चालेल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले असेल तरच घ्यावी. दोन पट पुरे. दहा मीटरवर नऊ पट मोठे करून आपल्याला फक्त स्वतःची थरथर दिसते. दुसरी गोष्ट पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याची. पुष्कळ दुर्बिणी सुमारे ९० मीटरला जुळवलेल्या असतात, त्यामुळे दहा मीटरवर हा दोष वाढतो. गाल दर वेळी एकाच जागी टेकणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

६. जोडणी. भारतीय एअर रायफलींवर बहुधा ११ मि.मी.ची खाच असते. रिंग त्याच मापाच्या घ्याव्यात. स्प्रिंगच्या रायफलीत रिंग हळूहळू मागे सरकतात, म्हणून अटकाव-पिन असलेले माउंट घ्यावे. आधी सगळे स्क्रू सैल ठेवून अंतर जुळवावे. मग दहा मीटरवर भिंतीला ओळंबा टांगावा, गवंड्याचा चालतो. रायफल सरळ धरून उभी क्रॉसहेअर दोरीवर आणावी. नंतर स्क्रू आलटूनपालटून, थोडेथोडे आवळावेत. उत्पादकाने बळ दिले असेल तर तेच पाळावे. नाहीतर रिंगच्या स्क्रूला १.७ ते २ न्यूटन मीटर पुष्कळ. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने पान्याला पाइप लावून आवळले. दुर्बिणीच्या नळीला खळी पडली, आणि ती दुरुस्त होत नाही.

७. झीरो करणे. पाच छर्रे सोडावेत, पाचांचा मध्य काढावा, आणि मगच दुर्बिणीवरच्या जुळवणीच्या स्क्रूला हात लावावा. एका छर्ऱ्यावर कधीही निर्णय घेऊ नये. पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) क्लिक असलेल्या दुर्बिणीत एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मि.मी. सरकवते, १० मीटरवर ती ०.७ मि.मी.च. म्हणजे गट २ सेंमी डावीकडे असेल, तर सत्तावीस-अठ्ठावीस क्लिक लागतील. नवखा माणूस चार क्लिक फिरवतो, फरक दिसत नाही, आणि दुर्बीण बिघडली असे समजतो. आपण क्लिक मोजून वहीत लिहावेत. दुर्बीण नळीपासून ४ सेंमी उंच असेल आणि झीरो १० मीटरवर असेल, तर ५ मीटरवर छर्रा दीड ते दोन सेंमी खाली लागेल. तो दोष नाही. नजरेची रेषा आणि छर्ऱ्याची वाट वेगवेगळ्या उंचीवरून निघतात, म्हणून तसे होते.

८. नेम धरण्याची सवय. दोन्ही डोळे उघडे ठेवून लक्ष्याकडे पाहत राहावे. रायफल नजरेच्या रेषेत वर आणावी. डोके खाली रायफलीकडे झुकवू नये. गाल टेकताच क्रॉसहेअर चित्रावर तरंगताना दिसली पाहिजे. ती शोधावी लागत असेल, तर डोळ्याचे अंतर पुन्हा मोजावे. रोज वीस वेळा हे रिकाम्या रायफलीने, ट्रिगरला हात न लावता करावे. स्प्रिंगची रायफल छर्ऱ्याशिवाय कधीही सोडू नये. पुढे हवेची गादी नसल्याने पिस्टन थेट आपटतो आणि सील फाटते. छर्रा सोडताना रायफल पुढच्या हाताच्या तळव्यावर सैल ठेवावी. रायफल आवळून धरली, की गट पसरतो.

या रचनेचा एक दोष विक्रेता सांगत नाही. डोके दुर्बिणीपासून दूर असल्यामुळे मागच्या भिंगावर सावली पडत नाही. मैदानी रेंज अशा आखतात की सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहावा. इतरांना ते सोयीचे, पण आपल्या भिंगावर तोच सूर्य चमकतो आणि चित्र पांढरे पडते. रुंद काठाची टोपी थोडी मदत करते. रबरी कप मदत करत नाही, कारण डोळा त्याच्या जवळच नसतो.

९. जागा. अरेरा कॉलनीतली गच्ची ही रेंज नव्हे, कठडा कितीही उंच असला तरी. चुकलेला छर्रा २०० मीटरच्या पुढेही जाऊ शकतो, आणि तिकडे कुणाची तरी खिडकी असतेच. संघटनेच्या किंवा क्लबच्या रेंजवर बाहेरच्यांना कधी प्रवेश मिळतो ते विचारून जावे. ते नसेल तर घरातली बंद, लांब खोली, एकच दार, आणि मागे छर्रे अडवणारी पेटी. पत्र्याच्या पेटीत ४५ अंशांवर जाड लोखंडी पट्टी, तळाशी जुन्या रबराचे तुकडे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, नेमबाजाच्या आणि पाहणाऱ्याच्याही. कबूतर, कावळा, कुत्रा कधीही लक्ष्य नाही; वन्यजीव कायदा १९७२ आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० दोन्ही आडवे येतात. मोठ्या तलावाच्या काठाने तर रायफल उघडी नेऊच नये. तो भाग भोज पाणथळ म्हणून २००२ पासून रामसर यादीत आहे.

१०. सराव संपला की. नळी रिकामी असल्याची खात्री करावी, पीसीपी असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे टाकीतला दाब पाहून ठेवावा, रायफल कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कपाटात. रिंगचे स्क्रू पहिल्या शंभर छर्ऱ्यांनंतर एकदा तपासावेत. आणि छर्रे शिशाचे असतात, तेव्हा पोहे-जिलबीला हात लावण्याआधी ते साबणाने धुवावेत.